वैलावरची ऊब

कुमुदताई आठल्ये कुठल्याही खोलीत आल्या की आधी त्यांचा उजवा हात पुढे यायचा. फ्रिजची मागची बाजू, टीव्हीचं डोकं, लॅपटॉपचा चार्जर, जिथे काही तापलेलं असेल तिथे तो तळहात जाऊन टेकायचा आणि त्या थोडा वेळ गप्प व्हायच्या. नाडी बघताना वैद्य गप्प होतो तशा. मग विचारायच्या, "ही कुठे जाते?" घरातल्या माणसाला वाटायचं काहीतरी बिघडलं आहे. माझी बायको पहिल्या वेळी बटण बंद करायला धावली होती. "अहो, सगळं ठीक आहे," कुमुदताई म्हणाल्या, "एवढी ऊब इथून निघते आणि तिला जायला घर नाही, म्हणून विचारलं."

त्या गेल्या तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. लिहिण्याची मला सवय आहे, नोकरीच तशी होती. पण दुसऱ्यांच्या कामाचे अहवाल नीटनेटके करून देणं निराळं आणि गेलेल्या माणसाबद्दल लिहिणं निराळं. वाक्य लिहून झालं की ते त्यांच्या हातात द्यावं असं वाटतं. त्या चष्मा कपाळावर चढवून वाचायच्या आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवून म्हणायच्या, "हा कशाला आणलात? याच्याकडे काही काम आहे का?"

आमची कंपनी तुर्भ्याला होती. एका बाजूला मसाल्याचं गोदाम, दुसऱ्या बाजूला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची दुरुस्ती. मिरचीच्या खकाण्यानं येणाऱ्या शिंका आणि हातोड्याचे ठोके यांच्यामध्ये आम्ही समुद्राखाली चालणारी, माणूस नसलेली छोटी वाहनं बनवत होतो. समुद्राच्या तळाची पाहणी करायची, पाइपलाइनी तपासायच्या, असली कामं ती वाहनं करतात. मी तिथे ग्रंथालय आणि कागदपत्रं सांभाळत असे. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. तिथे मी आणि पुस्तकं दोघंही कुणाच्या आड येत नव्हतो.

कुमुदताई रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्या खोलीत आल्या. गव्हाळ वर्णाच्या, ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्यावर कापडी पिशवी. आल्या आल्या माझ्या संगणकाच्या मागे हात लावून झाला. मग म्हणाल्या, "मेणावर काय आहे तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "मेणावर?"

"मेण. मेणबत्तीचं. काहीही चालेल."

माझ्याकडे उष्णताशास्त्राचे जाडजूड ग्रंथ होते. ते मी काढून दिले. त्यांच्या तळाशी, कुणीतरी कधीतरी आणून टाकलेली, घरच्या घरी मेणबत्त्या करण्याची एक पुस्तिका होती. ती मी बाजूला सारत होतो, तेवढ्यात त्यांनी ती उचलली. "ही आधी वाचते," म्हणाल्या. "मोठ्या पुस्तकांत मेण कधी रुसतं ते लिहिलेलं नसतं." दोन दिवसांनी पुस्तिका परत आली, आणि जाता जाता त्या म्हणाल्या, "अहो ग्रंथपाल, मला मॅडम म्हणू नका. मॅडम म्हटलं की मला कुणीतरी खुर्ची सरकवून देईल असं वाटतं." तेव्हापासून मी कुमुदताई म्हणू लागलो. त्या मात्र शेवटपर्यंत मला 'अहो ग्रंथपाल'च म्हणाल्या.

मेण कशाला हवं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वाहनात फ्युएल सेल होता. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची गाठ घालून वीज करणारी ती पेटी. धूर नाही, आवाज नाही, बाहेर पडतं ते स्वच्छ पाणी. पण जेवढी वीज मिळते, जवळपास तेवढीच उष्णताही निघते. ती काढून टाकली नाही तर पेटी तापून बंद पडते. त्यामुळे सगळे ती समुद्रात सोडून देत. समुद्र एवढा मोठा, त्याला काय फरक पडतो? मीटिंगमध्ये या उष्णतेला 'वेस्ट हीट' म्हणत. कुमुदताईंना ते नाव ऐकवत नसे. "वेस्ट कुणी ठरवलं? उरलंय म्हणा," त्या म्हणायच्या. "रात्रीची पोळी उरली तर तुम्ही तिला कचरा म्हणता का? सकाळी कुस्करून फोडणी देता."

त्यांची कल्पना अशी होती. ती उरलेली उष्णता मेणाच्या नळ्यांमध्ये न्यायची. मेण वितळलं की फुगतं. फुगलेलं मेण तेल ढकलतं, ते तेल वाहनाबाहेरच्या रबरी पिशवीत जातं, पिशवी फुगते आणि वाहन तेवढ्याच वजनाचं राहून आकारानं मोठं होतं. म्हणजे वर येतं. मग गरम पाणी बंद करायचं. समुद्राच्या गारव्यानं मेण आळतं, आक्रसतं, तेल परत येतं, वाहन खाली जातं. वर-खाली होण्यासाठी तेल ढकलणारा पंप नको आणि त्याची वीज नको. वाचलेली वीज पुढे जायला वापरायची, म्हणजे तेवढ्याच हायड्रोजनवर वाहन अधिक लांब जाईल.

हे आमच्या राजाध्यक्ष साहेबांना समजावताना मी टिपणं घ्यायला बसलो होतो. राजाध्यक्ष म्हणजे कंपनीचे प्रमुख. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्टीचं वजन विचारणारा. कुमुदताईंनी पडद्यावरची आकृती बंद केली आणि फळ्यावर एक चूल काढली. संगमेश्वराकडच्या आपल्या घरची. "ही चूल. आणि हा तिच्या कडेला असलेला वैल. याच्याखाली वेगळं जळण घालत नाहीत. चुलीचा जाळ आपलं काम करून जो पुढे सरकतो, तो याच्याखालून जातो. चुलीवर भाकरी आणि वैलावर आमटी. माझी आई दोन्हींवर एकाच लाकडात स्वयंपाक करायची. तुमचा फ्युएल सेल ही चूल आहे, साहेब. मी फक्त वैल मागते आहे."

राजाध्यक्ष हसले. "पण मॅडम, वैलाचं वजन किती?"

वजन बरंच होतं. तरीही त्यांनी होकार दिला, कारण फळ्यावरची ती चूल त्यांना पुसवेना. ती बरेच दिवस तशीच होती.

कामाची जागा म्हणजे मागची शेड. तिथे फ्युएल सेल मांडलेला, शेजारी मेणाच्या नळ्या, दोन्हींना जोडणारा गरम पाण्याचा नळ. तो नळ एका जाड धातूच्या पत्र्याखालून जायचा. सेलमधून निघणारं पाणी कुमुदताईंनी दाराबाहेर कुंड्यांत सोडलं होतं. तिथे अळू लावलं होतं. "हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं ताजं पाणी. एवढ्या थाटात वाढलेलं अळू दुसरीकडे नसेल," त्या म्हणायच्या. त्याच्या वड्या डब्यात येत. मेणाचे जे नमुने नापास होत, त्यांच्या दिवाळीत मेणबत्त्या होत. पोरं पाठीमागे त्यांना 'मेणबत्ती मॅडम' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एका दिवाळीला प्रत्येकाच्या टेबलावर एक मेणबत्ती आणि चिठ्ठी होती, 'मेणबत्ती मॅडमकडून'. त्यानंतर ते नाव कुणी पाठीमागे घेतलं नाही, तोंडावर घेऊ लागले.

सगळंच गोड होतं असं नाही. मीटिंगच्या खोलीतला एसी त्या न विचारता बंद करत. कुणी चहा अर्धा टाकून उठला तर त्याच्यामागे कप घेऊन जात. आमच्या विजेच्या विभागात रेश्मा नावाची मुलगी होती, हुशार, फटकळ, कोपरखैरण्याची. ती एकदा माझ्यासमोर म्हणाली, "मॅडम, तुमी ना कंजूस आहात. एकदम पक्क्या."

"आहेच," कुमुदताई म्हणाल्या. "पण माझ्यासाठी काही ठेवते का ते बघ."

रेश्मा विचारात पडली. "नाय. ते पण आहे."

आता त्या डब्यांची गोष्ट. शेडमधल्या त्या गरम पत्र्यावर कुमुदताई सकाळी आपला जेवणाचा डबा ठेवत. दुपारी तो छान गरम असे. त्यांचं पाहून रेश्मानं ठेवला. मग वेल्डिंगवाल्यांनी, मग हिशेबाच्या विभागातल्या बायकांनी. मीही ठेवू लागलो. सकाळी पत्र्यावर डब्यांची अशी रांग लागे की एखाद्या लग्नाच्या पंगतीची तयारी वाटावी. मायक्रोवेव्हवर धूळ बसली.

त्याच सुमारास मेण रोज सकाळी उशिरा वितळू लागलं. दुपारनंतर ठीक, सकाळी सुस्त. कुमुदताईंनी तापमापक बदलले. पाण्याचा पंप उघडला. मेण देणाऱ्याला फोन करून त्याच्या मेणावर शंका घेतली. तो बिचारा स्वतः नवं मेण घेऊन आला. रेश्मानं सगळ्या वायरी पुन्हा जोडल्या. काही उपयोग होईना. राजाध्यक्ष रोज शेडच्या दारात येऊन घड्याळ बघत आणि जात.

आणि एका मंगळवारी मेण सकाळीच वितळलं, चोख, आकडेमोडीत होतं तसं.

कुमुदताई आनंदल्या नाहीत. त्या संशयानं यंत्राकडे बघत राहिल्या. "आज काय वेगळं केलं?"

"काय पण नाय," रेश्मा म्हणाली. "सेम टू सेम."

"काहीतरी असणार."

"आज अंगारकी आहे, बस्स. अजून काय वेगळं नाय."

कुमुदताईंनी मान वळवून पत्र्याकडे बघितलं. पत्रा रिकामा होता. अंगारकीला जवळजवळ सगळ्यांचा उपास, डबे आलेच नव्हते. त्या खाली स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की वेल्डिंगवाले काम सोडून आले. रोज सकाळी सगळ्या कंपनीची भाजी-आमटी मेणाच्या तोंडचा घास पळवत होती, आणि त्याची सुरुवात त्यांनीच केली होती.

अहवाल माझ्याकडे आला तेव्हा मी ते वाक्य जरा सावरलं: 'बाह्य वस्तूंच्या संपर्कामुळे झालेली उष्णतेची हानी'. अहवाल बाहेर जाणार होता. डब्यांचा उल्लेख बरा दिसला नसता. कुमुदताईंनी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'जेवणाच्या डब्यांमुळे'. मी म्हटलं, "लोक हसतील."

"हसू देत. पण पुढे कुणाचं मेण उशिरा वितळलं तर तो आधी आपल्या पत्र्याकडे बघेल. बाह्य वस्तू लिहिलं तर काय बघेल?"

आणि डबे बंद झाले नाहीत, ही मला त्यांची सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. दुसऱ्या कुणी पाटी लावली असती. त्यांनी नळ वळवला. आता गरम पाणी आधी मेणाकडे जाई, मेणाचं झालं की बाहेर पडणारं कोमट पाणी पत्र्याखालून जाई. डबे पूर्वीइतके गरम होत नसत, पण गारही राहत नसत. "वैलाचा वैल," त्या म्हणाल्या.

खरा वाद नंतर झाला. वाहन दोराला बांधून पाण्यात सोडायच्या चाचण्या पार पडल्या होत्या. पुढची चाचणी मोकळ्या समुद्रात, दोराशिवाय होती. खाली असताना वीज गेली तर वाहन वर कसं येणार, हा प्रश्न होता. राजाध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. पोटाखाली लोखंडी वजन लावायचं, वीज गेली की ते सुटतं, वाहन हलकं होऊन वर येतं. सगळे असंच करतात. पण त्या छोट्या वाहनात वजन आणि मेण या दोन्हींना जागा नव्हती.

"मेण काढा, असं म्हणायचंय तुम्हांला," कुमुदताई म्हणाल्या.

"मी म्हणतोय, वाहन बुडालं तर आपण बुडालो. दुसरं वाहन करायची ताकद नाही माझ्यात, मॅडम."

"वीज गेली तरी मेण वर आणेल."

"विजेशिवाय? गरम पाणी मेणाकडे नेणारा पंप बंद असेल तेव्हा?"

त्यावर त्यांनी साहेबांना खिडकीशी नेलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर सोलरच्या टाक्या होत्या. "त्या बघा. काचेच्या नळ्या खाली, टाकी वर. मध्ये पंप नाही. गरम पाणी आपल्या पायांनी वर चढतं. मी सेल खाली ठेवलाय आणि मेण वर. पंपाला वळसा घालणारी एक मोकळी वाट आहे, तिच्यावरची झडप वीज असेपर्यंतच बंद राहते. वीज गेली की स्प्रिंग तिला उघडते. सेल बंद पडला तरी तो लगेच गार होत नाही. चूल विझली म्हणून वैलावरचा भात कच्चा राहत नाही, साहेब. निखाऱ्यांवर होतो."

राजाध्यक्षांनी गच्चीवरच्या टाक्या एकेक करून मोजल्या. शेवटी म्हणाले, "एकदाच. या चाचणीला मेण ठेवा. जमलं नाही तर वजन लावायचं आणि हा विभाग बंद."

"जमलं नाही तर वजन लावायला वाहनच उरणार नाही," कुमुदताई म्हणाल्या. स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही अर्धवट सोडणं त्यांना जमत नसे.

परवानग्या हातात आल्यावर आम्ही निघालो. बोट सारसोळ्याच्या हिराजी नाखव्यांची होती. दोराच्या चाचण्यांपासून तेच आम्हांला नेत. त्यांना आमचं वाहन हा मोठाच करमणुकीचा विषय होता. नारिंगी रंगाचं, माणसाएवढ्या लांबीचं, त्याला ते 'मासा' म्हणत. कुमुदताईंना पोहता येत नव्हतं, आणि बोट हलू लागली की त्यांना मळमळायचं. समुद्रासाठी आयुष्य घालवलेली ही बाई बोटीत मधोमध बसून आलेपाक चघळायची आणि प्रत्येकाला एकेक वडी देत राहायची, जणू मळमळ सगळ्यांनाच होते आहे. मी नोंदी घ्यायला गेलो होतो. राजाध्यक्ष पहिल्यांदाच आले होते.

"दोर नाय बांदायचा आज?" हिराजींनी विचारलं.

"नाही, नाखवा. आज मोकळा."

"मंग तो कशाला परत येनार? मी जालं टाकतो तवा पन मासा राजीखुशीनं येत न्हाय, बाय."

"माझा येतो. त्याला घरी जेवायला यायची सवय आहे."

सुरुवात चांगली झाली. वाहन खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. दर वेळी ते खालून ध्वनीचा ठोका पाठवी आणि रेश्माच्या यंत्रावर तो उमटे. ती अंगठा वर करी. राजाध्यक्षांनीही एक आलेपाकाची वडी मागून घेतली. मग एकदा वाहन तळाशी पोचलं आणि ठोका आलाच नाही.

रेश्मानं यंत्र बंद करून चालू केलं. पाण्यातली तार हलवून पाहिली. "मॅडम, सगळं डेड आहे. पाणी शिरलं असेल कनेक्टरमध्ये. पॉवर गेली." तिचा आवाज बारीक झाला होता. "माझा कनेक्टर होता तो, मॅडम."

"शेवटचं तापमान किती आलं होतं?" कुमुदताईंनी विचारलं.

रेश्मानं सांगितलं. त्या मान खाली घालून स्वतःशी पुटपुटत राहिल्या. आलेपाकाचा कागद बोटांत घडी होत होता. मग म्हणाल्या, "उरलंय. पुरेल. आपला समुद्र कोमट आहे, ते बरं. थंड देशात असतो तर मला बोलायची हिंमत झाली नसती."

"किती वेळ लागेल?" राजाध्यक्षांनी विचारलं.

"पंप असता तर लगेच. आता पाणी आपल्या पायांनी चढणार. त्याला घाई करता येत नाही." त्यांनी पिशवीतून डबा काढला. "तोपर्यंत जेवून घ्या सगळे."

कुणी जेवलं नाही. त्यांनी डबा मांडीवर ठेवला, तोही तसाच राहिला. राजाध्यक्ष बोटीच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांचं त्या वाहनात काय काय अडकलेलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनी कुणालाही दोष दिला नाही, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आजही आदर आहे. हिराजींनी इंजिन बंद केलं. बोट नुसती हिंदकळत राहिली. रेश्मा एकदा हळूच म्हणाली, "मॅडम, झडप अटकली असेल तर?"

"तर मेण मोठं गुणी आणि मी मूर्ख," कुमुदताई म्हणाल्या. "तो कनेक्टर तुझा होता, झडप माझी आहे. आपलं आपलं बघू."

बराच वेळ गेला. इतका, की आपण आता काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. राजाध्यक्षांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं.

"बाय," हिराजी म्हणाले. ते आमच्याकडे पाठ करून उभे होते, आमच्यातलं कुणी बघत नव्हतं तिकडे बघत. "बाय, तुजा मासा."

प्रवाहानं तो बराच दूर नेला होता. उडी मारून वगैरे आला नव्हता. पाण्यात एक नारिंगी पाठ हळूच दिसत होती, कुणी उशिरा आलेला माणूस दारात घुटमळावा तशी. रेश्मा ओरडली, मग रडली, मग हिराजींच्या गळ्यात पडली. ते म्हणाले, "अगो पोरी, बोट उलटी करशील!" राजाध्यक्ष खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

वाहन वर ओढून घेतलं तेव्हा कुमुदताई जागेवरून उठल्या, तोल सावरत गेल्या आणि त्याच्या पाठीवर तळहात टेकला. नेहमीप्रमाणे गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अजून कोमट आहे. म्हणजे आणखी खोल असता तरी आला असता." एवढंच. परत येऊन त्यांनी मांडीवर डबा घेतला आणि झाकण उघडायला गेल्या. ते उघडेना. मी बघितलं, बोटं झाकणाच्या कडेकडेनं फिरत होती आणि समोरची कडी त्यांना सापडत नव्हती. इतका वेळ ती भीती त्यांनी कुठे ठेवली होती, कोण जाणे. मी डबा उघडून दिला. आत अळूवड्या होत्या. त्यांनी पहिली राजाध्यक्षांना दिली.

विभाग बंद झाला नाही. कुमुदताई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी रेश्मा आली. नव्या वाहनांत वजनालाही जागा आहे, मेणही आहे, आणि आकृत्यांमध्ये त्या झडपेचं नाव 'वैल' असं छापलेलं असतं. परक्या गावचे इंजिनिअर त्याचा अर्थ विचारतात. रेश्मा फळ्यावर चूल काढते. तिनं चूल कधी पाहिलेली नाही, त्यामुळे ती जरा गॅसच्या शेगडीसारखी दिसते.

निवृत्तीनंतर कुमुदताई खांदेश्वरला आपल्या घरी असत. एकट्याच. मग आजार आला. तो काय होता हे सांगून काही उपयोग नाही. अंगातली सगळी ऊब त्यानं हळूहळू काढून घेतली. भर उन्हाळ्यात त्या स्वेटर घालून बसायच्या आणि हात काखेत धरायच्या. मी नेरूळहून अधूनमधून जात असे. कधी पुस्तक नेई. बायको डबा देई, मऊ खिचडी नाहीतर पेज. तो डबा कधी रिकामा परत आला नाही. घरी आलेला डबा रिकामा धाडायचा नाही, हे त्यांनी आजारपणातही सोडलं नव्हतं. कधी लाडू असे, कधी नुसती साखर.

शेवटचा गेलो तेव्हा त्या फार थकल्या होत्या. बोलणं थोडंच झालं. रेश्माच्या नव्या वाहनाबद्दल विचारलं. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "थांबा," आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या. बाल्कनीत त्यांनी तुर्भ्याहून आणलेलं अळू कुंडीत होतं. त्याचं फदफदं त्यांनी सकाळी केलं होतं. माझा डबा भरून कुकरमधल्या उरलेल्या गरम पाण्यात ठेवला होता. तो पुसून त्यांनी कापडात गुंडाळला.

मी म्हणालो, "ताई, एवढं कशाला केलंत?"

"नवीन गॅस पेटवला नाही हो. उरलेल्यावरच ठेवला होता."

लिफ्टपर्यंत आल्या. डबा माझ्या हातात देण्याआधी त्यांनी त्याच्या बुडाला तळहात लावला आणि गप्प झाल्या. डोळे मिटले. आकडेमोड चाललेली असायची तेव्हा मिटायच्या तसे. "नेरूळला पोचेपर्यंत कोमट राहील," म्हणाल्या. "पण वाटेत पुस्तकाच्या दुकानात शिरू नका, अहो ग्रंथपाल."

लिफ्टचं दार मिटत होतं. फटीतून मला दिसलं, डब्याला लावलेला तो हात त्यांनी दुसऱ्या हातात घट्ट धरला होता, त्यात जे काही आलं असेल ते निसटू नये म्हणून.

मी कुठेही शिरलो नाही. घरी येऊन डबा टेबलावर ठेवला, कापड सोडलं आणि बुडाला तळहात लावला.

"काय झालं? गार झालाय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग उघडा की. आता होईल गार."

मी तिला थांब म्हणालो, आणि हात तसाच ठेवला.